कुक्काच्या गळ्यातला दोर

"कोन म्हनतंय?"

अक्कांचं निम्मं बोलणं या दोन शब्दांत उरकायचं. पगार वाढणार नाही, चहा संपला, उद्या नळाला पाणी नाही. कानाशी ओरडून काहीही सांगा, नजर चरख्यावरून न उचलता त्या हेच विचारायच्या. सांगणाराच मग जरा चाचरायचा.

सोलापुरात आमच्या शेडमध्ये आठ माग. मी दोन चालवतो. अक्का तीस वर्षं चरख्यावर सगळ्या मागांना सुताच्या कांड्या भरून द्यायच्या. तुम्ही कधी चालू मागांपाशी उभे राहिला असाल तर ठाऊक असेल, तिथं माणसं नुसते ओठ आणि हात हलवतात. दारात एक कुत्रा बांधलेला असायचा, कुक्का. अक्कांच्या घरच्या तेलुगूत कुक्का म्हणजे कुत्राच. वेगळं नाव ठेवायला कुणाला फुरसत नव्हती.

एका दुपारी वीज गेली आणि माग थांबले. तेवढ्यात दारात टेम्पो आला. कुक्का दोर ताणून भुंकायला लागला. तोंड उघडत होतं, पोट आत-बाहेर होत होतं, पण आवाज नाही. कधीपासून असं होतंय, कुणालाच सांगता येईना. रोज त्याचं उघडं तोंड बघायचं आणि भुंकतोय असं धरून चालायचं, एवढंच आम्ही केलं होतं. मला फार लाज वाटली.

मालक ओरडून म्हणाले, "राखणीचं कुत्रं मुकं झालं, आता कशाला ठेवायचं? सोमवारी टेम्पोतनं लांब माढ्याकडं सोडून या."

"कोन म्हनतंय?" अक्का म्हणाल्या.

त्याच दिवशी रिक्षा करून त्यांनी कुक्काला जनावरांच्या दवाखान्यात नेलं. मला सोबत घेतलं, कारण मागांच्या आवाजानं त्यांचे कान केव्हाच खाल्ले होते. पिसाळलेल्या कुत्र्याचाही आवाज बदलतो, म्हणून डॉक्टरांनी आधी लस टोचल्याचं विचारलं, कुणाला चावलाय का तेही विचारलं. घशात हाडबीड नव्हतं. मग मानेवरचे केस बाजूला केले, तर सुताच्या दोरानं काचून कातडी सोललेली. दिवसभर दोर ओढत भुंकून घसा आतून सुजला होता, वर शेडमधली कापसाची धूळ.

"मावशी, गळ्याला काही बांधू नका. छातीवरून पट्टा घाला. मऊ खायला द्या, मी देतो त्याच गोळ्या द्या आणि काही दिवस दारापासून लांब ठेवा, म्हणजे भुंकणार नाही. आवाज पूर्ण परत येईलच असं नाही."

मी ते त्यांच्या कानाशी ओरडून सांगितलं. शेवटच्या वाक्यावर अक्कांनी काय विचारलं ते तुम्ही ओळखलंच असेल.

त्यांनी चादरीच्या काठाची पट्टी शिवून पट्टा केला. सोमवारी टेम्पो आला. अक्कांनी चरख्यावरचे हात काढून मांडीवर ठेवले. कांड्या संपल्या तसा एकेक माग थांबला, माझेही दोन. मजुरी बुडेल, कांड्या भरा म्हणून मी अक्कांना हात जोडले, हेही सांगितलं पाहिजे.

मालक अक्कांच्या कानाशी आले. "अक्का, आवाज नसलेलं कुत्रं काय कामाचं?"

"तीस वर्सं तुमच्या शेडमधी माजा आवाज कुनी ऐकला? मग मी बी बिनकामाची की."

मालकांनी टेम्पोवाल्याला हातानंच जायला सांगितलं. टेम्पो रिकामा गेला. कुक्का महिनाभर अक्कांच्या घरी राहिला. मग रोज त्यांच्यासोबत शेडवर यायचा आणि दारात मोकळा बसायचा. आवाज अर्धाच आला, खोकल्यासारखा. अक्कांना तो ऐकू येत नव्हता, पण त्याच्या छातीवर हात ठेवून त्या खूश व्हायच्या.

यंदा जानेवारीत, गड्ड्याच्या जत्रेनंतर अक्का वारल्या. कुक्का अजून तोच पट्टा घालून शेडच्या दारात येऊन बसतो. परवा मालक माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "अक्का गेल्या. आता त्या म्हाताऱ्या कुत्र्याला द्या सोडून."

मला अक्कांसारखं विचारता आलं नाही. मी माझे दोन्ही माग बंद केले. शेजारच्या मागवाल्यानं माझ्याकडं पाहिलं आणि आपलेही बंद केले. आठवा माग थांबला, तेव्हा दारातून कुक्काचं ते खरखरीत भुंकणं सगळ्यांना ऐकू आलं.