राब न भाजलेल्या शेतातला धूर

आधीच सांगतो, मी तळेगावच्या एका कारखान्यात क्वालिटीला आहे. जे मोजता येत नाही त्यावर मी सही करत नाही. भुताखेतांच्या गप्पा निघाल्या की चहाचा कप उचलून निघून जाणारा माणूस मी. तरी हे लिहितोय, कारण वर्ष झालं, गोष्ट घशाखाली उतरत नाही...

आमचं शेत बेडसे लेण्यांच्या डोंगराखाली. भाताचं. दर मे महिन्यात आबा, म्हणजे माझे वडील, रोपांच्या जागेवर शेण-पालापाचोळा पसरून राब भाजायचे. अंगात माझं कारखान्यातलं जुनं नारंगी जॅकेट — चमकत्या पट्ट्यांचं — आणि जाळ बांधाबाहेर जाऊ नये म्हणून झोडपायला हातात ओली फांदी. मग शेजारी फार्महाऊसं झाली. त्या लोकांना भाताची हिरवळ हवी, धूर नको. गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तक्रारी आल्या आणि मी, मोठा शहाणा, चार लोकांदेखत आबांवर ओरडलो.

"पन्नास वरसं भाजतोय. आताच ह्यांच्या डोळ्यात जातोय व्हय?" एवढंच म्हणाले. पेटता राब स्वतःच्या हातानं पाणी ओतून विझवला. त्याच वर्षी दिवाळीत ते गेले. जॅकेट आम्ही त्यांच्या कपड्यांबरोबर जाळलं.

पुढच्या मे महिन्यात, सकाळी साडेदहाच्या सुमाराला मी बांधावर उभा होतो. शेत कोरडं, रिकामं. राब नव्हताच — रोपं मी विकत आणणार होतो. डोंगराकडून एक छोटं हेलिकॉप्टर आलं आणि त्याचा आवाज मध्येच तुटला. पलीकडच्या मोकळ्या माळाकडे निघालेलं ते अचानक वळलं, आमच्या शेतात उतरलं, शेपटी बांधाला धडकली आणि ते आडवं झालं.

धावत गेलो. आत एकटीच मुलगी, विशीतली. मृणाल, तुंगार्लीची, शिकाऊ पायलट. खांद्याचं हाड मोडलेलं. पट्टा सोडवून तिला बाहेर ओढलं, तर तिचं पहिलं वाक्य, "काका, ते आजोबा ठीक आहेत ना? मी त्यांच्या अगदी जवळ उतरले."

"कोण आजोबा?"

"नारंगी जॅकेटवाले. फांदीनं आग झोडपत होते... त्यांच्या धुरामुळे तर मला वारा कळला."

मी वळून शेताकडे बघितलं; धूर नाही, माणूस नाही. इंजिन बंद पडलं की वाऱ्याकडे तोंड करून उतरावं लागतं, हे तिनंच मला नंतर हॉस्पिटलात सांगितलं. माळाकडे जाताना वारा पाठीमागून होता. धूर दिसला नसता तर ती तिथे वेगात आपटली असती.

चौकशी झाली. मोकळा माळ सोडून बांधांच्या शेतात का उतरलीस, हा प्रश्न. तिनं धुराचं सांगितलं. चौकशीचे साहेब शेत बघून गेले — राख नाही, एक काडी जळालेली नाही. मग मला विचारलं, धूर होता? नारंगी जॅकेट घातलेलं कोणी होतं? मी म्हणालो, नाही. आबांबद्दल चकार शब्द काढला नाही. आणि सही केली.

तिचं शिक्षण थांबवलं. भास होणाऱ्या माणसाच्या हाती मशीन देता येत नाही म्हणे! पोरगी जिवंत उतरली, याचं कोणाला काही नाही. मला तर नव्हतंच.

महिन्याभरानं तिचा फोन आला. "काका, खरंच तिथे कोणी नव्हतं?"

"नाही गं."

"बरं," म्हणाली. त्यानंतर तिनं फोन केला नाही, मीही केला नाही.

ह्या मे महिन्यात मी राब भाजला. ग्रुपवर तक्रारी आल्या, येऊ देत. दुपारपर्यंत डोळे चोळत धुरात उभा राहिलो. मला कोणी दिसलं नाही. का दिसावं?

त्या धुराचं स्पष्टीकरण माझ्याकडे आजही नाही. "ते माझे आबा होते" एवढं त्या पोरीला का सांगितलं नाही, त्याचं मात्र आहे. लोक मला हसले असते.