फळीवरची विश्रांती

निलगिरीच्या तेलाचा वास आला, की नव्वदच्या दशकातली वसईच्या सभागृहातली ती दुपार आठवते. कंबरदुखीवरच्या नव्या संशोधनाविषयी एक नामवंत डॉक्टर बोलत होते. कंबरेला तेल चोळून आलेली माझी निर्मळ गावची मावशी शेजारी बसली होती. उसण भरली तेव्हा तिने आधी उपाय म्हणून पायाळू, म्हणजे पायाकडून जन्मलेल्या माणसाची लाथ खाल्ली होती, मग याच डॉक्टरांनी तिला दोन महिने फळीवर झोपवलं होतं. तेवढ्या काळात बाजारातली तिची फुलं विकायची जागा गेली आणि अंग इतकं आखडलं, की टोपली उचलेना. डॉक्टरांनी पायाळूच्या लाथेवरून सभागृहाला हसवलं आणि सांगितलं, "झोपून राहिल्याने कंबरदुखी लांबते, असं आता दिसून आलंय. हिंडतं-फिरतं राहा." मावशी उठली. "डॉक्टर, मला तुम्हीच झोपवलंत ना?" "तेव्हा तसंच मानत होते, बाई. विज्ञान पुढे जातं." "जाऊ द्या की. पण लाथ मारणारा दुसऱ्या दिवशी कशी आहेस विचारायला तरी आला होता." लोक पुन्हा हसले. संशोधन बदलतं, यावर माझा आक्षेप नाही. मावशी उत्तरासाठी उभी होती आणि डॉक्टरांनी तिच्याकडे न बघता माइक पुढच्या रांगेत पाठवला, याचा राग मात्र अजून गेलेला नाही.