पुतणीच्या ॲपला नावं ठेवायची नाहीत

माझी पुतणी पुण्यात ज्युनियर प्रॉडक्ट मॅनेजर झाली तेव्हा वस्तीवर पेढे वाटायचं काम माझ्याकडे आलं, आणि ती नेमकं काय करते हे समजावून सांगायचंही. पेढे सोपे होते. मॅनेजर म्हटलं की आमच्याकडे बँक आठवते आणि ज्युनियर म्हटलं की अकरावी-बारावी.

"म्हंजे बँकेत शिकाऊ हाय का?" एकाने विचारलं.

"न्हाई, टेम्पोची मॅनेजर हाय," मी म्हणालो. हे तिच्या कानावर गेलं आणि तिने आठवडाभर माझा फोन उचलला नाही.

तसा मी फार चुकलो नव्हतो. तिच्या कंपनीने मोबाईलवरून टेम्पो मागवायचं ॲप काढलं होतं. एकेकट्याच्या मालाने टेम्पो भरत नाही, म्हणून चार-पाच शेतकऱ्यांनी मिळून एक करायचा. कुणाच्या फळांचे किती कॅरेट चढणार हे सगळ्यांना दिसायचं, म्हणजे उरलेल्या जागेचा अंदाज येतो. तिसगावच्या आसपासच्या वस्त्यांवर ते आधी चालवून बघायचं होतं, आणि गाव तिचंच, म्हणून हे काम तिच्या गळ्यात पडलं.

मग एकदा तिचाच फोन आला. "तात्या, आमच्या मॅडम येणारेत. मी शेतकऱ्यांशी कशी बोलते ते त्यांना बघायचंय. नीट झालं तर हे सगळं ॲप माझ्या हातात देतील. नाही झालं तर पुण्यातल्या एका मुलाला, आणि मी त्याच्या हाताखाली. तुम्ही फक्त पाच-सहा जण जमवा. बाकी काही करू नका."

'बाकी काही करू नका' हे वाक्य आमच्या घराण्यात आजवर कुणी पाळलेलं नाही. घरच्या पोरीला बघायला माणसं येणार म्हटल्यावर जे करायचं असतं, ते सगळं मी केलं. ओसरी सारवून घेतली, पोह्यांची ऑर्डर बायकोला दिली, तिने ती दोन टोमणे मारून स्वीकारली. आणि ज्यांना बोलावलं होतं त्यांना आदल्या दिवशीच गाठून बजावलं, "पोरीच्या आयुष्याचा प्रश्न हाय. ॲपला नावं ठेवायची न्हाईत."

मॅडम आल्या, खुर्चीत बसल्या. पुतणी सतरंजीवर सगळ्यांसमोर बसली आणि तिने विचारलं, "ॲप वापरताना काय अडचण येते?"

"कायबी न्हाई."

"लई भारी हाय."

"आमच्या घरात तर बारकं पोरगंबी वापरतंय."

माझा ऊर भरून आला. सगळे पाठ केल्यासारखे बोलत होते, कारण पाठच केलं होतं. पुतणीचा चेहरा मात्र उतरत चालला होता. ते मला संकोचामुळे वाटलं. बघायच्या कार्यक्रमात मुली जराशा संकोचतातच.

पोह्यांची बशी बाजूला ठेवून मॅडम म्हणाल्या, "सगळे इतके खूश आहेत, तर मग महिनाभर इथून एकही टेम्पो का मागवला गेला नाही?"

परिस्थिती सावरावी म्हणून मी म्हणालो, "लोकं मुद्दाम थांबलीत मॅडम. तुमच्या हस्ते सुरू करावं म्हणून."

पुतणीने माझ्याकडे असं बघितलं की मी पोह्यांत मीठ कमी आहे का ते बघायला लागलो. मग तिने सावरून बसत एकदम गावाकडची बोली धरली. "बरं, तुमाला तरास न्हाई, मान्य. पन तुमच्या शेजारच्याला काय तरास हाय?"

आमच्याकडे पाहुण्यासमोर स्वतःचं गाऱ्हाणं सांगत नाहीत. शेजाऱ्याचं मात्र सांगतात.

"त्याला व्हय? त्याचं गाडं तर पयल्याच खेपेला वढ्यात गेलं. ॲप डायवरला वढ्याचाच रस्ता दाखवतंय!"

"आन आमच्या शेजारचा सांगतो, कॅरेट किती ते आदल्या दिशी कसं सांगायचं? तोडल्याबिगर कळतंय व्हय?"

जो तो शेजाऱ्याचं सांगत होता आणि तो शेजारी बाजूलाच मांडी घालून मान डोलवत होता. मॅडमनी वही उघडली. मी निश्चिंत होऊन पोह्यांकडे वळलो, तेवढ्यात पलीकडच्या वस्तीवरचा एक म्हातारा म्हणाला, "आमच्या शेजारी एक बागायतदार हाय. पुतनी मॅनेजर हाय त्याची. त्यो तर ॲपला शिवतबी न्हाई, गुपचूप डायवरला फोन लावतो."

"तात्या?" पुतणी म्हणाली.

"मळ्यात रेंज नसते."

"फोनला असते, ॲपला नसते? तात्या, खरं सांगा ना. का नाही वापरत?"

ती मॅडमकडे बघत नव्हती, माझ्याकडे बघत होती. भावकीतले सगळे समोर. ज्यांना मी वर्षभर माझ्या डाळिंबाच्या गोष्टी ऐकवल्या होत्या, तेच सगळे.

"कॅरेट दिसत्यात ना सगळ्यांना," मी म्हणालो. "मी सांगतो त्याच्या निम्मंबी निघत न्हाई."

मला वाटलं आता सगळे गंभीर होतील. म्हातारा हसून हसून ठसकला. "आरं, ते आमाला ठावंच हाय! झाडं दिसत न्हाईत व्हय रस्त्यावरून?"

"मग तुमी का न्हाई वापरत, आबा?" पुतणीने लगेच त्याला धरलं.

म्हाताऱ्याचं हसणं थांबलं. "माझेबी कॅरेट दिसत्यात ना," तो म्हणाला.

मॅडम जाताना गाडीपाशी तिच्याशी बराच वेळ बोलल्या. ती परत आली ती पायऱ्या दोन-दोन चढत.

"मिळालं, तात्या. ॲप माझ्याकडे. पहिलं काम, दुसऱ्याचे कॅरेट झाकायचे."

"मंग? माणसं कुनी जमवली?"

"तुम्हीच. म्हणून पुढच्या बैठकीला तुम्ही शेतात थांबायचं."

थांबलो. डाळिंबाच्या बांधावर बसलो होतो तर ओसरीवरून आरडाओरडा ऐकू येत होता. कुणीतरी "असलं कुनी ॲप करतं व्हय?" म्हणून ओरडत होता, दुसरा त्याच्यावर वरचढ. उठून जावंसं फार वाटलं, पण बसून राहिलो. पोरीचं उत्तम चाललं होतं.