तिजानी शुद्धीत होता

तिजानी माझ्या दुकानात रोज सकाळी यायचा आणि त्याचं भांडं मी न विचारताच भरायचे. तळाशी शिळा पाव कुस्करायचा, वर उकळते हरभरे, जिरं, लसूण, ऑलिव्हचं तेल. तिखट मात्र बेताचं, कारण लांबच्या फेरीत पोटात आग नको म्हणायचा. केफ गावात लुआज स्टँडसमोर माझं या लब्लाबीचं दुकान माझा नवरा गेल्यापासून मीच चालवते. लुआज म्हणजे ट्यूनिसकडे जाणाऱ्या त्या पांढऱ्या भाड्याच्या गाड्या, माणसं भरली की सुटतात. ड्रायव्हर आधी माझ्याकडे खातात, मग शिव्या देत रांगेत लागतात. तिजानी शिव्या देत नसे. त्याचा सदरा इस्त्रीचा असायचा, गाडीत धूळ सापडायची नाही. विडी नाही, दारू तर नाहीच. बायका लेकीला एकटीला पाठवायच्या तेव्हा विचारायच्या, "तिजानीची गाडी कधी आहे?"

त्याची बायको बऱ्याच वर्षांपूर्वी गेली. एक मुलगी, ती लग्न होऊन स्फाक्सला. घरी वाट बघणारं कोणी नाही, म्हणून तो फेऱ्या जास्त मारायचा. लोकांना वाटायचं, कष्टाळू माणूस आहे. मला वाटायचं, याला घरी जायचं नाहीये. एकदा मी म्हटलंही, "अरे, जरा आडवा हो जाऊन." तर हसला. म्हणाला, "मनूबिया, त्या घरात नळ गळतो तेवढाच आवाज आहे. गाडीत निदान माणसं भांडतात तरी."

रांगेत त्याच्या मागचा नंबर बहुधा खमैसचा असायचा. खमैस जाडजूड, गडगडाटी हसणारा. एका उन्हाळ्यात सुट्टीच्या दिवशी तो चुलतभावाच्या लग्नाला दहमानीला गेला, तिथे त्याने बिअर घेतली आणि स्वतःच्या गाडीने परत निघाला. गावाच्या तोंडाशी पोलीस उभे होते. नळीत फुंकायला लावलं, आणि संपलं. कोणाला धक्का लागला नव्हता, कोणाची कोंबडीसुद्धा मेली नव्हती. पण परवाना गेला, तुरुंगात जावं लागलं. सुटून आला तर लोक समोरून येताना रस्ता बदलायचे. मुलीचं ठरलेलं लग्न मोडलं. स्टँडवर ड्रायव्हर जमले आणि याला परत रांगेत घ्यायचं का, यावर बोलणं झालं. सगळ्यात कडक बोलला तो तिजानी.

"लोक आपल्या हातात जीव देऊन मागे झोपतात," तो म्हणाला. "त्या हाताने बाटली धरायची नाही. सुट्टीतही नाही. उद्या परवाना परत मिळाला तरी माझ्या मागे हा नको."

खमैस तिथेच उभा होता. नंतर तो तेलाच्या घाण्यावर पोती उचलायला लागला.

त्यानंतरच्या रमजानची गोष्ट. ईद तोंडावर आली होती. ट्यूनिसला कामाला असलेली सगळी पोरं घरी यायला निघालेली, गाड्या कमी, स्टँडवर रेटारेटी. तिजानी फेरीवर फेरी मारत होता. पोचायचा, गाडी रिकामी करायचा, तोंडावर पाणी मारायचा, परत निघायचा. रोजा असल्यामुळे दिवसा कॉफीही नाही. शेवटच्या त्या फेरीत, ट्यूनिसहून परतताना, दुपार कलताना, क्रीब गावाच्या अलीकडे गाडी हळूच रस्ता सोडून कडेला गेली. तिथे मबरूका नावाची बाई मातीच्या भट्टीतले पाव टोपलीत मांडून बसली होती. ती जागीच गेली. गाडीतल्या लोकांना खरचटण्यापलीकडे काही झालं नाही.

पोलीस आले. हे मला त्या गाडीतल्याच एका पोराने सांगितलं. हवालदाराने पहिल्यांदा नळी पुढे केली, "फुंक." तिजानीने फुंकलं. हवालदाराने आकडा बघितला, मोठा श्वास सोडला आणि म्हणाला, "अल्हम्दुलिल्लाह. माणूस शुद्धीत आहे." मग त्याला सावलीत बसवलं, खांद्यावर हात ठेवला, म्हणाला, "काका, रोजा सोडा, पाणी प्या. लिहिलेलं होतं ते झालं."

तिजानी पाणी प्यायला नाही. तो पावांकडे बघत बसला होता.

खटल्याच्या दिवशी मुलगी बाळंतपणामुळे येऊ शकली नाही, म्हणून त्याच्याबरोबर मी गेले. वकील तरुण होता, चुणचुणीत. पायऱ्यांवर त्याने पढवलं, "म्हणायचं, उन्हाची तिरीप डोळ्यांवर आली. पश्चिमेला तोंड होतं, वेळ दुपारची. सगळं जुळतं."

न्यायाधीश बाई होत्या. त्यांनी विचारलं, "काय झालं ते सांगा."

"ऊन होतं," तिजानी म्हणाला. वकिलाने मान डोलावली. "पण माझे डोळे मिटलेले होते. मिटलेल्या डोळ्यांवर तिरीप काय येणार?"

वकील खोकला. तिजानी थांबला नाही. "वाटेत तस्तूरलाच डोळे जड झाले होते. तिथे झाडाखाली गाडी लावून पडावं असं मनात आलं. मागून कोणी म्हणालं, काका, दामटा जरा, आई इफ्तारला थांबलीय. मी दामटली. मला माहीत होतं, बाईसाहेब. झोप येतेय हे मला माहीत होतं."

"दारू घेतली होती?"

"जन्मात नाही."

"गोळ्या, औषधं?"

"नाही."

बाईंनी चष्मा काढून डोळे चोळले. त्यांनाही झोप झाली नसावी असं मला उगाच वाटलं. शिक्षा झाली, पण आत जायची नाही. पुन्हा काही घडलं तरच भोगायची, अशी. त्या म्हणाल्या, "तुमचा प्रामाणिकपणा आणि आजवरचं स्वच्छ वागणं मी लक्षात घेतलं आहे."

बाहेर स्टँडवरचे सगळे उभे होते. मिठ्या मारल्या, कपाळाचे मुके घेतले. हमादी म्हणून एक तोंडाळ ड्रायव्हर आहे, तो म्हणाला, "खमैससारखा ढोसला असतास तर सडला असतास आत! रोजाने वाचवलं तुला, बाबा!" सगळे हसले. तिजानी त्यांच्याकडे असा बघत होता, जणू ते परक्या भाषेत बोलताहेत.

त्यानंतर त्याने चावी हातात धरली नाही. गाडी विकून टाकली. दुकानात यायचा, कोपऱ्यातल्या टेबलाशी बसायचा, भांड्यातलं गार होऊन वर तेलाचा तवंग यायचा. जो येईल तो खांदा थोपटायचा. "मनाला लावून घेऊ नकोस. देवाची मर्जी." एक दिवस दुकान रिकामं असताना तो म्हणाला, "मनूबिया, मला कोणी काही बोलत का नाही?"

"बोलतात की सगळे."

"तसं नाही. खमैसला बोलले होते तसं."

मी भांडी विसळत राहिले.

मग तो खमैसकडे गेला. हे मला खमैसनेच पुढे सांगितलं. घाण्याच्या मागच्या अंगणात तिजानी जाऊन उभा राहिला आणि म्हणाला, "मी तुला रांगेतून काढलं. तू कोणाला मारलं नव्हतंस. मी मारलं. हा कसला कायदा?"

खमैस भडकला. "हे बघ, माझ्या नावाने कायद्याला शिव्या घालू नकोस. मी प्यायलो होतो. त्या दिवशी वळणावर मला दोन रस्ते दिसत होते, एक खरा आणि एक भलताच. पोलिसांनी धरलं ते बरं झालं. मला धरलं यात काही खोटं नाही. तुला सोडलं ते खोटं आहे. पण ते तू मला कशाला सांगतोस? मी काय करू? तुला शिक्षा देऊ?"

"दे," तिजानी म्हणाला.

"जा बाबा घरी," खमैस म्हणाला. "माझी पोती राहिलीत उचलायची." पण मग पाण्याचा तांब्या त्याने पुढे केला. दोघे पोत्यावर बसले.

काही दिवसांनी तिजानी मला म्हणाला, "क्रीबला जायचंय. एकट्याने गेलो तर दार उघडणार नाहीत." मी साखर आणि तेल बांधून घेतलं आणि त्याच्याबरोबर निघाले. मबरूकाचा नवरा फरहात उतारावरच्या घरात राहायचा. भट्टी दाराशीच होती, तिच्यात कोंबडी अंडी घालून बसलेली. फरहातने आम्हाला आत घेतलं, पण चहाचं विचारलं नाही.

"मी तो ड्रायव्हर," तिजानी म्हणाला.

"माहीत आहे. सगळे येऊन तुझंच सांगतात. फार भला माणूस, नमाजी, कधी पीत नाही. माझी बायको काय वाईट होती का? तिचं कोणी सांगत नाही. तू सांग. तुला जाग कशाने आली?"

तिजानी म्हणाला, "आवाजाने."

"प्यायलेला असतास तर बरं झालं असतं," फरहात म्हणाला. "मी तुला शिव्या घातल्या असत्या. गावाने घातल्या असत्या. पोलिसाने कानफटात मारली असती. आता मी तोंड उघडलं की लोक मलाच समजावतात, फरहात, बिचारा दमला होता रे. दमलेला माणूस घरी झोपतो. ती पण दमायची. पहाटे उठून पीठ मळायची. म्हणून तिने कोणाला मारलं नाही."

"मला झोप येत होती हे मला माहीत होतं," तिजानी म्हणाला. "तुम्हाला हे सांगायला आलो."

फरहात उठला. मला वाटलं आता हात उगारतो. पण त्याने नुसतं दार उघडलं. "मी माफ करत नाही. आता सांगितलंस ना, जा. परत येऊ नकोस. साखर घेऊन जा बाई, मी एकटा किती खाणार?"

परतताना गाडीत तिजानी रडला. खिडकीकडे तोंड करून, खांदे हलत होते, आवाज नाही. पुढच्या बाईने मागे वळून मला डोळ्यांनीच विचारलं, आजारी आहेत का? मी नाही म्हणून मान हलवली.

त्यानंतर तो सकाळी स्टँडवर उभा राहू लागला. निघणाऱ्या गाडीच्या खिडकीशी वाकायचा आणि विचारायचा, "झोप झाली?" आधी लोक चांगलं उत्तर द्यायचे. मग चेष्टा सुरू झाली. "आले झोपेचे हवालदार!" "अरे, माझी बायको इतकं विचारत नाही!" एकाने घोरण्याचा आवाज काढला तेव्हा सगळं स्टँड खिदळलं. तिजानी पुढच्या खिडकीकडे गेला.

पुढच्या ईदच्या आधी तो हमादीच्या गाडीपुढे जाऊन उभा राहिला. हमादीचे डोळे लाल होते, मीही बघितले. तोही फेरीवर फेरी मारत होता.

"बाजूला हो," हमादी म्हणाला.

"आधी झोप."

"माझी गाडी, माझे डोळे! आत माणसं भरलीत!"

मागचे ओरडायला लागले. काका, सरका, उशीर होतोय. लहान मूल घेतलेली एक बाई होती, तिने मात्र हमादीला विचारलं, "भाऊ, खरंच झोपला नाहीस का?" हमादीने नुसता हॉर्न दाबला. ती खाली उतरली, पिशवी ओढली. तिच्यामागे एक म्हातारा उतरला. बाकी बसून राहिले. स्टँडच्या मुख्याने येऊन तिजानीला दंडाला धरून बाजूला केलं आणि गाडी सुटली.

काही झालं नाही. हमादी सुखरूप पोचला, सुखरूप परतला आणि माझ्या दुकानाच्या दारातून ओरडला, "कुठे आहे तो? सांगा त्याला, जिवंत आहे मी!" मुख्याने तिजानीला निरोप दिला की आता स्टँडवर यायचं नाही, लोक बिचकतात. तिजानी आला नाही. पोलिसाला बोलावता आलं असतं, मी त्याला म्हटलं. तो म्हणाला, "बोलावून काय सांगू? त्याला फुंकायला लाव म्हणू?"

मुलीने त्याला स्फाक्सला नेलं. महिनाभरात परत आला. नातवंडं गोड आहेत, म्हणाला, पण तिथेही सगळे मला सांभाळूनच घेतात. हल्ली तो खालच्या माळावर मामेभावाची ऑलिव्हची झाडं बघतो, चालत जातो आणि चालत येतो. दुकानात क्वचित येतो.

खमैसला परवाना परत मिळाला. त्याच्या गाडीत बसायला आधी कोणी तयार होईना. एकदा सुटा भाग आणायला तो रिकाम्या गाडीने ट्यूनिसला निघाला, तर माळाच्या रस्त्यावर तिजानी चालताना दिसला. खमैसने गाडी थांबवली. तिजानी काही न विचारता पुढच्या सीटवर बसला. जाताना झोपला नाही, येताना झोपला नाही. परतीच्या वाटेवर क्रीबच्या अलीकडे, मबरूका पाव घेऊन बसायची तिथे, त्याने हात वर केला. खमैसने गाडी कडेला घेतली. तिजानी उतरला आणि रस्त्याच्या कडेला तसाच उभा राहिला.

"मी उतरून त्याच्याजवळ जायला हवं होतं की नाही, मला कळेना," खमैस मला म्हणाला. "मी गाडीतच बसलो. इंजिन बंद केलं तेवढंच."