खडूची पूड

मास्तरांच्या शिलाईच्या दुकानात माप कधीच चुकत नसे. पँट आखूड झाली तर कापड पाण्यात आटलेलं असायचं. कंबर घट्ट झाली तर मास्तर गळ्यातली टेप सारखी करत म्हणायचे, "सुटलात की हो साहेब." मग गिऱ्हाईकच ओशाळून पोट आत घ्यायचं.

त्यांची मुलगी चार महिन्यांच्या ट्रेनिंगला परगावी गेली आणि तिची पाल मास्तरांच्या गळ्यात पडली. भिंतीवरची नव्हे, पिवळी, ठिपक्यांची, जाड शेपटीची, काचेच्या पेटीत दिव्याखाली राहणारी. नाव बटण. लोकांच्या मुली जाताना आईवडिलांना फोटो देऊन जातात, आमची पाल देऊन गेली, असं मास्तरांची बायको सगळ्यांना सांगायची. पेटीवर मुलीने कागद चिकटवला होता. दिवा किती तास, पाणी केव्हा, आणि प्रत्येक किडा कॅल्शियमच्या पांढऱ्या पुडीत घोळवूनच द्यायचा. 'घोळवूनच'खाली दोन रेघा.

मास्तरांच्या सढळ हातात डबी तीन आठवडेही टिकली नाही. नवी मिळायची ती शहराच्या दुसऱ्या टोकाला, आणि एवढ्या लांब जाऊन चार लोकांत पालीचं टॉनिक मागायचं त्यांच्या जिवावर आलं. त्यांनी कापडावर खुणा करायचा खडू घेतला, कात्रीच्या पात्याने खरवडला आणि किडे त्यात घोळवले. खडू म्हणजे चुनाच आणि हाडंही चुन्याचीच, कंपन्या नुसतं डबीवर चित्र छापतात, हे त्यांनी बायकोला दोनदा समजावून सांगितलं. मुलीने फोनवर विचारलं की म्हणायचे, सगळं कागदाप्रमाणे चाललंय.

दोन महिन्यांनी बटणचे पाय थरथरायला लागले. मग ती पोट ओढत चालू लागली. एका सकाळी तिला किडा चावता येईना. खालचा जबडा एका बाजूला वळला होता. मास्तरांनी शर्टाच्या खोक्याला दाभणाने भोकं पाडली, आत मऊ चिंध्या घातल्या आणि दोघं जनावरांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेली. बाकावर शेजारच्या माणसाने खोक्यात काय आहे म्हणून विचारलं, तर मास्तर म्हणाले, मांजराचं पिल्लू. "शेपटी जरा जाड आहे त्याची," बायको म्हणाली.

डॉक्टरीणबाईंनी बटणला तळहातावर घेतलं, जबडा बोटाने हलकेच दाबून पाहिला. रबरासारखा वाकला. त्यांनी दिव्याचं विचारलं, किड्यांचं विचारलं, मग पुडीचं.

"न चुकता," मास्तर म्हणाले.

बाईंच्या कपाळाला आठी पडली. पूड नियमित मिळूनही हाडं अशी होत असतील तर मूत्रपिंडं गेली असणार, आणि मग फारसं काही हातात राहत नाही. जीव दुखण्यात आहे. इंजेक्शन देऊन झोपवलेलं बरं, असं त्या जपून म्हणाल्या.

एवढं होऊनही मास्तरांच्या तोंडून निघालं ते असं, की डबी मुलीने आणली होती. तिला सगळ्याची घाई. बनावट माल उचलला असेल.

बायकोने मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं. चेहऱ्याकडे नाही, शर्टाच्या खिशाकडे.

मग मुलीशीच बोलते, म्हणत बाईंनी फोन हातात घेतला आणि नंबर विचारला. मास्तरांनी चार आकडे सांगितले. पुढचे तोंडपाठ असून येईनात. टेबलावर बटणने जीभ बाहेर काढून स्वतःचा डोळा पुसला. मास्तरांनी खिशातून खडूचा तुकडा काढला आणि तिच्याशेजारी ठेवला.

"ही पूड," ते म्हणाले. "मी घातली. दोन महिने."

बाईंनी नखाने खडू खरवडला, चिमटीत चोळून पाहिला. चुन्याचा नव्हे, शंखजिऱ्याचा आहे, यात हाडाला काही नाही, एवढंच म्हणाल्या आणि औषध लिहायला बसल्या. कारण तरी कळलं; जगेल बहुतेक. जबडा मात्र वाकडाच राहील. त्यांनी चार शब्द सुनावले असते तर मास्तरांना बरं वाटलं असतं.

घरी आल्यावर बायकोने मुलीला फोन लावला आणि मास्तरांच्या हातात दिला. बटण आजारी आहे, हाडांना कॅल्शियम कमी पडलं, जबडा वाकलाय, थेंबांचं औषध दिलंय, इतकंच त्यांनी सांगितलं तोवर मुलगी म्हणाली, "माझंच चुकलं बाबा. मी एकच डबी ठेवून आले."

आयती वाट समोर आली होती. आजवर प्रत्येक आखूड पँटीला मास्तर अशाच वाटेने सुटले होते. बायको ड्रॉपरमध्ये औषध मोजत होती. तिचा हात थांबला.

"तुझं माप बरोबर होतं," मास्तर म्हणाले. "मी पूड वाट्टेल तशी उधळली. मग खडू किसून घातला. आणि डॉक्टरांना आधी तुझंच नाव सांगितलं."

मुलीने एवढंच विचारलं,

"जबडा वरचा की खालचा?"

"खालचा."

"मग थेंब बाजूने सोडा. समोरून नको."

फोन बंद झाला. एरवी ठेवण्याआधी ती जेवलात का म्हणून विचारायची.

मास्तर पेटीशी वाकले. सुईत एका झटक्यात दोरा ओवणारा त्यांचा हात, पण पहिला थेंब बटणच्या गालावर पडला, दुसरा वाळूत. तिसरा तिने जीभ काढून सावकाश चाटला. मास्तरांनी मान वर केली नाही. बायको समोरच उभी होती.