बाचा आवाज गेल्याचा पुरावा

वडिलांना गाण्यातून निवृत्त करायचा घाट मी घातला, तेव्हा मी सव्वीस वर्षांचा होतो आणि मला संगीतातलं सगळं कळत होतं.

हे ज्ञान मला नागपूरच्या होस्टेलात मिळालं. माझ्या खोलीतल्या सोबत्याकडे रेकॉर्ड प्लेअर होता आणि विलायती रॉकच्या सात-आठ तबकड्या. रोज जेवण झालं की आमचा एकच वाद : हे लांब केसांचे गोरे आता तिशी-पस्तिशीला टेकले, तर यांनी अजून गावं की गिटार खुंटीला टांगावी? (त्यांच्या गाण्यातला एक शब्दही आमच्यापैकी कोणाला कळत नव्हता, त्यामुळे वादाला चांगला रंग चढायचा.) शेवटी ठराव पास झाला की गायक तिशीपर्यंतच खरा, पुढे नुसती सवय उरते. त्यानंतर मी आमच्या तालुक्याच्या मालेगावला शाळेत मास्तर म्हणून लागलो आणि हा ठराव ट्रंकेत घालून किन्हीराजाला घरी आलो. घरी बा होता. वय बासष्ट.

बा म्हणजे आमचे वडील, गावच्या गायन पार्टीचे मुख्य गायक. दिवसभर शेत, संध्याकाळी पेटी. दीक्षा घेतल्यापासून दरवर्षी चौदा एप्रिलला जयंतीचा कार्यक्रम बाच्या गाण्यानं सुरू व्हायचा आणि त्याच्याच गाण्यानं संपायचा. ऐकायला पार मानोऱ्याकडची माणसं बैलगाड्या जुंपून यायची. मी लहानपणापासून त्याच्या कोरसात. बानं ओळ म्हटली की आम्ही चौघांनी ती उचलायची. माझी जागा सगळ्यात मागे, ढोलकीच्या पलीकडे. ती तिथेच का, हे मी कधी विचारलं नाही.

त्या वर्षी मी जयंती कमिटीचा सेक्रेटरी झालो आणि नेमका त्याच वर्षी मानोऱ्याच्या चार पोरांनी ऑर्केस्ट्रा काढला. इलेक्ट्रिक गिटार, ड्रम, आणि अंगणभर लोळतील असे बेलबॉटम! ते मला शाळेत येऊन भेटले.

“मास्तर, आमचा कार्यक्रम ठेवा. दोन गाने तुमचे.”

“माझे?”

“मंग! तुमी त खानदानी गायक.”

आता गावाच्या प्रगतीचा प्रश्न समोर असताना मी बापाचा विचार करत बसणार होतो का? त्याच दिवशी घरी जाऊन विषय काढला.

“बा, यंदा तू आराम कर.”

“काहून? मले काय झालं?”

“वय झालं ना तुह्यं.”

“वय गुडघ्याले झालं. गळ्याले कोनं सांगतलं?”

“तुह्या आवाज गेला बा. आता लोकायले गिटार पायजे.”

बानं पेटीवरचा हात काढला. म्हणाला, “कमिटीनं म्हनलं आवाज गेला, त मी पेटी बांधून माळ्यावर टाकतो. पुन्ना हात लावनार नाई. पन तू एकटा म्हनतं म्हनून नाई, लेका.” एवढं बोलून तो फडक्यानं पेटी पुसत बसला. खोटं कशाला सांगू, विषय मागे घ्यावा असं एकदा वाटलं. पण दोन गाणी म्हणजे दोन गाणी!

आता कमिटीपुढे नुसतं बोलून भागणार नव्हतं. मी विज्ञानाचा मास्तर, मला पुरावा पाहिजे होता. आणि पुराव्याचं यंत्र घरातच होतं. माझा साळा मुंबईला गोदीत कामाला. त्यानं कुठूनसा जपानी टेपरेकॉर्डर मिळवला होता आणि गावी येताना आणून महिनाभर आमच्याकडे ठेवला होता. किन्हीराजात तोवर कोणीही स्वतःचा आवाज बाहेरून ऐकलेला नव्हता. मी पण नाही, पण मला त्याची गरज वाटत नव्हती.

रविवारी दुपारी अंगणात तालीम बसली. टेप मी मांडीवर घेतला आणि वरून टॉवेल पांघरला. बा पार पलीकडे, मध्ये ढोलकी, अलीकडे मी. कोणाला संशय येऊ नये म्हणून मी नेहमीपेक्षा जीव ओतून गायलो. कोरसाची पाळी नसतानाही गायलो. ढोलकीवाल्यानं दोनदा मागे वळून पाहिलं, तेव्हा दाद देतोय असं समजून मी मान डोलावली.

तालीम संपल्यावर खोलीत जाऊन टेप लावला. बायको, सुमन, तिथेच गहू निवडत होती. टेपातून आधी खरखर आली आणि मग एकदम एक जाडाभरडा, फुटका आवाज अंगावरच आला. सूर एकीकडे, तो दुसरीकडे, आणि दोघांची भेट होईल अशी काही आशा नाही. मुख्य गायकच सगळ्यात मोठ्यानं ऐकू येणार, हे तर उघडच होतं.

“अरेरे! बाचं हे असं झालं?” मी म्हणालो.

आणि त्याच्या मागे, दुरून, ढोलकीच्या आडून एक आवाज येत होता. गोड, स्वच्छ, सुरात बसलेला. मी थक्क झालो. आपण बरं गातो एवढं माहीत होतं, पण इतकं?

सुमननं सूप खाली ठेवलं. पदराचा बोळा तोंडात कोंबला. “आवो, थो जवळचा आवाज हाय ना...”

“तुले गान्यातलं काय कळते?”

“गान्यातलं नाई कळत. पन मानूस वळखू येते.”

“चूप बस. इथं एका कलावंताची अखेर होऊन राह्यली.”

ती भिंतीकडे तोंड करून गदगदा हलायला लागली. सासऱ्यावर एवढी माया करणारी सून मिळाली म्हणून मला भरून आलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी विहारात कमिटी बसली. बाला मी मुद्दाम कांदे काढायच्या नावानं शेतात पाठवलं होतं. अध्यक्ष सोनबाजी, सत्तरीचे, कमी बोलणारे. बाहेर लाऊडस्पीकरवाला कडुलिंबावर भोंगा बांधून तपासत होता. मला वाटलं, पुरावा आहे तर नीट ऐकू जावा. मी त्याचा माईक मागून घेतला, टेपासमोर धरला आणि बटण दाबलं. (ही सूचना मला कोणी केली नव्हती. सगळं स्वतःच्या बुद्धीनं केलं.)

भोंग्यातून तो फुटका आवाज निघाला आणि शिवारभर पसरला. आधी कुत्री भुंकली, मग ती पण थांबली. स्टँडवर मालेगावची एस.टी. उभी होती, तिच्या सगळ्या खिडक्यांतून मुंडकी बाहेर आली. दोन बाया डोक्यावरच्या घागरी सांभाळत विहाराकडे धावल्या. “कोनाच्या घरी झालं वो? कोन गेलं?”

मी उभा राहिलो. “मंडळी, काळजावर दगड ठेवून सांगतो, हा बाचा आवाज आहे. एके काळचा मोठा गायक. पण वयापुढे कोणाचं चालतं? आणि मागून जो गोड आवाज येतो, तो...” इथे मी नजर खाली वळवली. “जाऊ द्या, आपल्या तोंडानं काय सांगायचं!”

सोनबाजींनी डोळे मिटले. “मास्तर, पुन्ना लावा.”

मी पुन्हा लावला. तेवढ्यात दारात बा. धोतर वर खोचलेलं, हाताला माती, धापा टाकत. “कोन रडून राह्यलं बे? वावरात आयकू येते!”

“तू, बा,” मी हळूच म्हणालो.

“मी?”

“टेप हाय. तुह्यंच गानं हाय.”

बा ऐकत उभा राहिला. त्यानंही कधी स्वतःचा आवाज बाहेरून ऐकलेला नव्हता. यंत्र म्हणतं, वरून शिकलेला पोरगा म्हणतो, त्याला वाटलं असेलच तसं. तो पायरीवर बसला. “असा झाला काय माह्या आवाज... मले त कोनीच सांगतलं नाई.” मग मातीच्या हातानं डोळे पुसत म्हणाला, “सोनबाजी, यंदा पोरायले बलवा. मी पेटी बांधतो.”

माझं काम फत्ते झालं होतं आणि मला कुठे तोंड लपवू असं झालं. तेवढ्यात बाहेरून आरडाओरडा करत माय आली, कणकेच्या हातानं, गर्दीला कोपरानं बाजूला सारत.

“बंद करा थे! माह्या लेकराले काय झालं? कोनं मारलं त्याले?”

“माय, मले काई नाई झालं. थो बाचा आवाज हाय.”

“तुह्या बाचा? चाळीस वर्सं झोपू देल्लं नाई त्या मानसाच्या गान्यानं, मले नाई समजत? हा तू हाय! दात येत होते तवा असाच बोंबले!”

मागे सुमननं एकदाचा पदर तोंडातून काढला. “मी सांगून राह्यली होती! आयकतच नाईत!”

विहारात खसखस पिकली. सोनबाजींनी हात वर केला. “हसू नोका. पुरावा पाहून घेऊ. मास्तर, येक वळ म्हना.”

मी अजूनही निर्धास्त होतो, बरं का! माईक धरला, छाती भरून श्वास घेतला आणि ओळ म्हटली. भोंग्यातून ती माझ्याकडेच परत आली. टेपातला आवाज आणि हा आवाज, सख्खे जुळे भाऊ! स्टँडवरून कोणीतरी ओरडलं, “अरे, पुन्ना लागला बे थो!”

“आता तुमी म्हना,” सोनबाजी बाला म्हणाले.

बानं बसल्या जागी, मान खाली घालून, अर्ध्या आवाजात तीच ओळ म्हटली. माईक नाही, पेटी नाही. ढोलकीच्या आडून येणारा तो गोड आवाज पायरीवर बसला होता. लहानपणापासून मी त्याच्या मागे बसलो, पण स्वतः गाणं थांबवून त्याला ऐकलं ते त्या दिवशी पहिल्यांदा. लाज वाटली, आणि अभिमानही वाटला.

“म्हनजे हाय म्हना माह्या आवाज!” बा हसला. डोळे ओलेच होते. यंदाही बाच गाणार, असा कमिटीचा ठराव एकमतानं पास झाला आणि सेक्रेटरी म्हणून तो मलाच लिहावा लागला.

जयंतीला संध्याकाळी मांडव गच्च भरला. आता खरं सांगायचं तर बाचा आवाज पहिल्यासारखा नव्हताच. वरची पट्टी लागत नव्हती. पण तिथे आला की तो थांबायचा आणि हात लोकांकडे करायचा, आणि सगळा मांडव ती ओळ उचलायचा. तरुणपणी तो एकटा गायचा, आता हजार माणसांकडून गाऊन घेत होता. मानोऱ्याची ती चार पोरं पण गिटार घरी ठेवून आली होती आणि टाळ्या वाजवत गात होती. मी खांबाला टेकून रडत होतो. तेवढ्यात बानं माईकवरून हाक मारली.

“मास्तर, असे दूर काहून? या, वर या!”

टाळ्या पडल्या. मी डोळे पुसत स्टेजवर चढलो. बानं मला मागे नाही, अगदी समोर, आपल्या शेजारी बसवलं. त्याच्या मनात काही नव्हतं! खांद्यावर हात टाकला, माईक बाजूला वळवला आणि माझ्या कानाशी लागला.

“नुसतं तोंड हालव, लेका. आवाज काढू नको.”

मी शेवटपर्यंत तसंच केलं. मान डोलावली, हात नाचवले, डोळे मिटले, तोंड उघडलं, मिटलं. कार्यक्रम संपल्यावर मानोऱ्याचा गिटारवाला गर्दी कापत आला, दोन्ही हातांनी माझा हात धरला आणि म्हणाला, “मास्तर, मानलं तुमाले! यंदा तुमचा आवाज लय सुधारला!”