आमच्या फ्रिजमधले सात वार

आमच्या घरात एकदा सगळ्यांनी मिळून सोमवारी अख्खा आठवडा खाल्ला. शुक्रवारपर्यंत बरं चाललं होतं. शनिवार जड गेला आणि रविवार तर कुणाच्या घशाखाली उतरेना.

दोष माझाच. तेव्हा मी तो कबूल केला नव्हता, पण आता सगळ्यांची पोटं ठिकाणावर आलीत, तर सांगायला हरकत नाही.

झालं असं, माझी धाकटी बहीण कुसुम उदगीरला. तिनं नवं घर बांधलं, आणि दोन वर्षांपासून म्हणत होती, "आक्का, आठ दिवस तरी ये गं राहायला." मी निघायचं म्हटलं की आमच्या ह्यांचं सुरू. हे शाळेतून रिटायर झाले, पण पोटातली घंटा अजून साडेअकराला वाजते.

"तू गेल्यावर आमच्या जेवणाचं काय?"

"पल्लवी हाय की."

"ती कॉलेजात शिकवायला जाती. तिला कामून तकलीफ?"

(पल्लवी म्हणजे आमची सून. तिच्या तकलिफीची यांना फिकर लागते ती फक्त मी पिशवी भरायला घेतली की!)

मग मला मोबाइलवर स्वयंपाकाचे व्हिडिओ करणारी एक बाई सापडली. रविवारी सेलमधला माल आणायचा, आठवड्याचा स्वयंपाक एकाच दिवशी करायचा, डबे भरून फ्रिजात ठेवायचे. रोज एक डबा काढायचा, गरम करायचा, संपलं! मी लगेच जाहीर केलं, "सात दिवसांचं करून ठेवते आन सोमवारच्या सकाळच्या बसनं उदगीर गाठते." यांना नाही म्हणायला कारणच उरलं नाही. बिचारे दिवसभर कारण शोधत होते.

रविवारी सकाळी मी आमच्या नांदेडातल्या एका मोठ्या दुकानात गेले, तर दारातच पाटी. कांदा पाच किलोवर दोन किलो फुकट. वांगी किलोवर किलो फुकट. सोललेला लसूण निम्म्या भावात! हे तिन्ही एकाच दिवशी स्वस्त का, असा प्रश्न दुसऱ्या कुणालाही पडला असता. मला वाटलं, मी उदगीरला जावं ही देवाचीच इच्छा दिसते. त्या ढिगाजवळ मी एकटीच उभी होते, बाकी बाया बघून पुढं जात होत्या. म्हटलं, लोकांना खरेदी कळत नाही!

दिवसभर आमचं घर म्हणजे लग्नघर झालं. आमच्या महेशला, म्हणजे मुलाला, कांदे चिरायला बसवलं. तो इतका रडला की बघणाऱ्याला वाटावं, आई आठ दिवसांसाठी नाही, कायमची चालली. भरली वांगी झाली, भरीत झालं, कांदा-लसणाच्या वाटणाची आमटी झाली, झुणका झाला. सात मोठे स्टीलचे डबे भरले. प्रत्येकावर चिठ्ठी चिकटवली. सोमवार, मंगळवार, बुधवार... शिक्षकाच्या बायकोचं काम, अक्षर कसं टपोरं!

संध्याकाळी हे फ्रिज उघडून उभे राहिले.

"लई भारी इंतजाम केलास! आन उद्याचे भजे?"

"कसले भजे?"

"कांद्याचे. उद्या कांदेनवमी न्हाई का?"

माझ्या हातात रविवार होता, तो मी हळूच ओट्यावर ठेवला.

ज्यांच्याकडे पाळत नाहीत त्यांना सांगते. आषाढातल्या या नवमीला कांदा, लसूण, वांगं पोटभर खाऊन घ्यायचं, आणि मग चातुर्मासाचे चार महिने त्यांचं नाव काढायचं नाही. गल्ल्याच्या गल्ल्या पाळतात, म्हणून तर दुकानदार तो माल काढून टाकत होता! मी तो वाजतगाजत घरी आणला. वर बुधवारी एकादशी. आणि बुधवारच्या डब्यावर माझ्याच टपोऱ्या अक्षरात लिहिलेलं: झुणका.

महेश म्हणाला, "आई, ह्या साली जरा सूट दे ना."

सूट कशी देणार? यांच्या घरात हे असलं कुणी पाळतच नव्हतं. मी लग्न होऊन आले आणि सगळ्यांना पाळायला लावलं! गेल्या साली पल्लवीनं आणलेल्या मसाल्याच्या पुडीवर बारीक अक्षरात 'लसूण' वाचून मी ती पुडी गॅलरीत नेऊन ठेवली होती. तरी मी आशेनं पल्लवीकडं पाहिलं.

"नको हो आई," ती अगदी शांतपणे म्हणाली. "नियम म्हणजे नियम. ती पुडी चार महिने गॅलरीत होती."

आता अन्न टाकायचं नाही, हाही माझाच नियम. (मी एवढे नियम का केले, ते मला आता आठवत नाही.) म्हणजे सात दिवस सोमवारीच संपवायचे. माझी बस अर्थातच गेली.

सोमवारी सकाळी शुक्रवार आणि शनिवार घेऊन मी शेजारच्या नसीमभाभींकडं गेले. त्यांनी आनंदानं ठेवून घेतले. दोन दिवस कमी झाले म्हणून मी हलकी होऊन घरी आले. जेवायच्या वेळेला भाभी दारात, हातात तेच दोन डबे.

"खाली डब्बा कैसा देऊं भाभी? बगारे बैंगन बनाई मैं. बैंगन इत्ते सस्ते मिले ना कल!"

शुक्रवार वांगी घेऊन गेला होता, वांगी घेऊनच परत आला. शनिवारात तर वर दह्यातला कांदाही होता!

मग बसलो जेवायला. दुपारी बसलो, संध्याकाळी पुन्हा बसलो.

"महेश, गुरुवार घे अजून."

"आई, माझा मंगळवारच संपायला न्हाई!"

"पल्लवी, तुला वाढू का थोडा शुक्रवार?"

"मी बुधवारातच थांबते आई."

आणि नवमीला भजे नाहीत हे बरं दिसत नाही, म्हणून मी तेही तळले. यांनी एक उचललं, त्याच्याकडं बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, "हे कोणत्या वाराचं?"

मंगळवारी साडेअकरा वाजले. घरात कुणी हललं नाही. हे आडवे पडूनच म्हणाले, "तुझी उदगीरची बस किती वाजता हाय?"

"पण तुमच्या जेवणाचं..."

"जेवणाचं नाव काढू नको! उद्या एकादशी हाय, पुढं बघू आमचं आम्ही. तू जा बरं गुमान!"

मी पिशवी उचलली आणि निघाले. उदगीरला कुसुमनं दारातच विचारलं, "आक्का, दाजीनं सोडलं कसं गं तुला?"

"आठ दिवसांचं खाऊ घालून आले," मी म्हटलं. यात एक शब्द खोटा नव्हता.

गुरुवारी पल्लवीचा फोन आला. "आई, त्याच दुकानात आज साबुदाण्यावर सेल लागलाय. म्हटलं, तुम्हाला विचारावं."

मी तिला चांगलं दहा मिनिटं समजावलं. बाई गं, एकादशी काल झाली, म्हणून तो आज स्वस्त. सेल बघायच्या आधी पंचांग बघावं. माणसानं एकदा ठेच लागल्यावर शहाणं व्हावं. कुसुमलाही ऐकू जावं म्हणून जरा मोठ्यानंच बोलले.

"बरं," पल्लवी म्हणाली. "पाच किलोवर दोन किलो फुकट होता, पण राहू दे."

मी फोन घेऊन कुसुमकडं पाठ फिरवली.

"दहा किलो घे," मी हळूच म्हटलं. "आन डबे घासून ठेव. वार मी आल्यावर लिहिते."